सीआरपी वाढलाय, मग ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

बायपासची तारीख मिळालेली असते. रक्त देणारे ठरलेले असतात, नागपूरला कुणाकडे उतरायचं तेही पक्कं झालेलं असतं. अशात शेवटच्या तपासण्यांचा कागद हातात येतो आणि त्यातली एक ओळ ठळक छापलेली दिसते: सीआरपी २४, शेजारी वर जाणारा बाण. घरातलं कुणीतरी लगेच मोबाइल उघडतं. पाच मिनिटांत घरभर एकच प्रश्न सुरू होतो, आता बाबांचं ऑपरेशन करायचं की नाही?

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये आणि आसपासच्या सेक्टरांत अशी अनेक मराठी घरं आहेत. फेब्रुवारी १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या आगेमागे विदर्भातून जी माणसं नोकरीला आली, त्यांची मुलं आता स्वतः निवृत्त झाली आहेत. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, हृदय या सगळ्याची सुरुवात होण्याचं हे वय. पहिली तपासणी सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात होते, पुढे मोठ्या ऑपरेशनसाठी बरीच कुटुंबं रायपूर किंवा नागपूर गाठतात. कागद एका गावात तयार होतात आणि निर्णय दुसऱ्या गावात होतो. गोंधळाचं मूळ बरेचदा तिथेच असतं, म्हणून हा लेख त्या कागदांबद्दल आहे.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळलं. ते यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही जंतू शिरले, स्नायूला इजा झाली किंवा सांधे सुजले, की सहा-आठ तासांत ते चढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत सर्वांत वर पोचतं. कारण संपलं की जवळपास दर एकोणीस तासांनी ते निम्मं होतं. धूर दिसावा पण चूल कुणाच्या घरची ते कळू नये, तशी ही तपासणी आहे. दाह आहे एवढं ती खात्रीने सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. ते शोधायचं काम माणसांचं.

आता कागद जवळून पाहू. पहिली नजर आकड्यावर जाते, पण आधी एककाकडे बघा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. या दोन्हींत दहापटीचा फरक आहे. भिलाईच्या लॅबने ‘२.४ प्रति डेसिलिटर’ लिहिलं आणि आठ दिवसांनी नागपूरच्या लॅबने ‘२० प्रति लिटर’ लिहिलं, तर सीआरपी वाढलेला नाही, २४ वरून २० वर उतरला आहे. आकडे नुसते शेजारी ठेवले तर घरचे हादरतील. दुसरी गोष्ट नावाची. ‘एचएस-सीआरपी’ ही त्याच प्रोटीनची अधिक बारीक मोजणी आहे. पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचा धोका किती, याच्या अंदाजासाठी ती करतात. तिथे १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त धोका मानतात. हे निकष निरोगी दिसणाऱ्या माणसांसाठी आहेत. ऑपरेशनच्या आधी तापलेल्या, खोकणाऱ्या माणसाच्या रिपोर्टला ते लावू नका. तिसरी गोष्ट तारीख. तीन आठवड्यांपूर्वीचा सीआरपी आजच्या निर्णयाला फारसा कामाचा नाही.

सीआरपीच्या जोडीने ईएसआर असतो. तो सावकाश चढतो आणि आठवडे घेऊन उतरतो. वय वाढलं, रक्त कमी असलं, मूत्रपिंडाचा आजार असला, तरीही तो वाढलेला दिसतो. सत्तरीच्या, हिमोग्लोबिन साडेनऊ असलेल्या आईचा ईएसआर ५० आला तर एकट्या त्यावरून काहीच ठरत नाही.

तिसरा आकडा सहसा कुणी वेगळा छापून देत नाही, पण तो तुमच्या हातातल्या साध्या सीबीसीत असतो. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. समजा, न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के आहेत. भागाकार ६ येतो. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील तर २. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथल्या डॉक्टरांनी २००७ साली बायपासच्या सुमारे १९०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनआधी हे गुणोत्तर तीनच्या थोडं पुढे गेलेल्यांमध्येही पुढचं आयुर्मान कमी आढळलं. त्याआधी, २००३ मध्ये, फिनलंडमधल्या एका अभ्यासात सीआरपी प्रति लिटर १० किंवा त्याहून जास्त असलेल्या बायपासच्या रुग्णांत ऑपरेशननंतरचे मृत्यू जास्त दिसले होते. पुढच्या अभ्यासांत दाहाच्या खुणा वाढलेल्यांना जखमेचा संसर्ग, मूत्रपिंडावर ताण, व्हेंटिलेटरवर जास्त दिवस आणि ‘एएफ’ म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके यांचा त्रास अधिक झाल्याचं पुन्हा पुन्हा समोर आलं.

असं का होत असावं? बायपास किंवा व्हॉल्व्हच्या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा हार्ट-लंग मशीन लावतात. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरतं आणि त्या परक्या पृष्ठभागाला लागताच शरीराची सगळी संरक्षण यंत्रणा एकदम जागी होते. त्यात छातीचं हाड कापलेलं असतं आणि हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवलेला असतो. म्हणजे ऑपरेशन स्वतःच मोठा दाह घडवतं. ज्याच्या शरीरात आधीपासून दाह सुरू आहे त्याच्यावर हा दुसरा भार पडतो.

पण हे अभ्यास वाचताना एक गोष्ट सुटू देऊ नका. सीआरपी जास्त असलेला माणूस बरेचदा वयाने मोठा असतो, त्याला मधुमेह असतो, मूत्रपिंडं थकलेली असतात, तंबाखू सुटलेली नसते. त्रासाचं खापर किती त्या प्रोटीनवर आणि किती या बाकीच्या गोष्टींवर फोडायचं, हे वेगळं करणं अवघड आहे. शिवाय शस्त्रक्रियेचा धोका मोजायला जगभर वापरतात त्या युरोस्कोअर-२ मध्ये सीआरपी हा घटकच नाही. वय, मूत्रपिंडाचं काम, हृदयाची ताकद, फुप्फुसाचा आजार, तातडी, हृदयाच्या आतल्या पडद्याचा चालू संसर्ग या गोष्टी त्यात आहेत. सर्जनने तुमच्या २४ या आकड्याकडे पाहून नुसतं ‘हं’ म्हटलं, तर ते दुर्लक्ष आहे असं समजू नका.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. आकडा खाली आणणं हे उद्दिष्ट नाही. डॉक्टरांनाही कधी काळी तसं वाटलं होतं आणि त्यांनी ते नीट तपासून पाहिलं. २०१६ मध्ये चीनमधल्या १९२२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधीपासून रोसुव्हास्टॅटिनची गोळी सुरू केली होती. त्यांचा सीआरपी खरंच कमी राहिला. पण ठोक्यांचा त्रास कमी झाला नाही, हृदयाच्या स्नायूची इजा कमी झाली नाही, उलट मूत्रपिंडाचा त्रास थोडा वाढला. त्याआधी २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या ४,४९४ रुग्णांवर आणि २०१५ मध्ये अनेक देशांतल्या ७,५०७ रुग्णांवर स्टेरॉइड वापरून पाहिलं होतं. मोठ्या गुंतागुंती आणि मृत्यू यांत म्हणावा असा फरक पडला नाही. (जे आधीपासून स्टॅटिनच्या गोळ्या घेतात त्यांनी हे वाचून त्या बंद करू नयेत. हा प्रश्न नव्याने सुरू करण्याचा होता.) तेव्हा ‘सीआरपी उतरवणारं’ काहीही, मग ते हळदीचे कॅप्सूल असोत, कुणी सुचवलेला काढा असो की मेडिकलवाल्याने दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स, ऑपरेशनच्या आधी आपल्या मनाने सुरू करू नका. अँटिबायोटिकने खरा संसर्ग अर्धवट दबतो आणि नंतर जंतू सापडत नाही.

मग करायचं काय? चूल शोधायची. डॉक्टर शोधतातच, पण बाह्यरुग्ण विभागात त्यांना जेवढा वेळ मिळतो त्यापेक्षा घरच्यांना कितीतरी जास्त मिळतो.

सुरुवात तोंडापासून करा. दिवसा खिडकीपाशी बसवून, टॉर्च घेऊन बाबांच्या हिरड्या पाहा. छत्तीसगडात गुडाखू लावायची सवय किती रुजलेली आहे ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तंबाखू आणि गुळाची ती काळी पेस्ट सकाळी बोटाने हिरड्यांना घासली जाते आणि अनेक मराठी घरांतल्या मोठ्या माणसांनीही ती उचलली आहे. हिरड्या मागे सरकलेल्या, दातांच्या मुळाशी काळपट थर, दाबलं की पू किंवा रक्त, एखादी दाढ हलणारी. माणूस म्हणतो, दुखत नाही. दुखत नसलं तरी तिथून जंतू रोज रक्तात जाऊ शकतात. व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर हे फार गंभीर आहे, कारण नव्या व्हॉल्व्हवर जंतू बसले तर ते काढणं महाकठीण. दंतवैद्याचं काम ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी संपलेलं हवं. तारीख ठरल्यावर दातांकडे वळू नका, व्हॉल्व्हचं नाव निघालं त्याच आठवड्यात वळा. आणि दंतवैद्याला आधीच सांगा की हृदयाचं ऑपरेशन होणार आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत.

मग पाय. मधुमेही माणसाच्या तळव्याला जखम असते आणि त्याला ती जाणवत नाही. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा बोटांनी उघडून बघा. बायपाससाठी शीर बहुधा पायातूनच काढतात, त्यामुळे पायावरचं चिघळलेलं काहीही सर्जनला दाखवायलाच हवं. छातीवर, पाठीवर, काखेत, जांघेत गळू किंवा गजकर्ण आहे का? आईच्या लघवीला जळजळ आहे का, की ती संकोचाने बोलत नाही? हा प्रश्न सुनेने किंवा मुलीने एकांतात विचारला तर उत्तर मिळतं. प्रोस्टेटमुळे रात्री चार वेळा उठणाऱ्या काकांनाही विचारा.

खोकल्याचं तसंच. ज्यांची नोकरी कोक ओव्हन किंवा धुळीच्या विभागात गेली, त्यांना आपला खोकला ‘नेहमीचा’ वाटतो. बेडक्याचा रंग बदलला आहे का, प्रमाण वाढलं आहे का, एवढं तरी बघा. फुप्फुसाची फुंकण्याची तपासणी झालेली नसेल तर विचारा. तंबाखू, बिडी, सिगारेट आजच बंद. महिनाभर आधी सुटली तर फुप्फुसांना सावरायला वेळ मिळतो, पण आठवडाच उरला असेल तरी सोडावी.

पावसाळ्यानंतरचा काळ असेल आणि ताप येऊन गेला असेल, तर ते लपवू नका. २०१८ च्या पावसाळ्यातली डेंग्यूची साथ भिलाई विसरलेली नाही. तापानंतर प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी पूर्ववत झाल्या का ते बघूनच तारीख घ्यावी. नुकतीच लस घेतली असेल तर तेही सांगा. त्यानेही सीआरपी काही दिवस वर जातो.

गुडघेदुखीच्या पुड्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ही गोष्ट घरातल्या घरात राहते. कुठल्या तरी गावच्या वैद्याकडून कागदाच्या पुड्या येतात, दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक वाढते, चेहरा भरतो. अशा बेनाव पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे. स्टेरॉइडने सीआरपी दबतो आणि न्यूट्रोफिल वाढतात, म्हणजे रिपोर्ट दोन्ही बाजूंनी फसवतो. त्याहून वाईट म्हणजे दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळू शकतो. भूलतज्ज्ञांना हे आधी कळलं तर ते त्याची तयारी करतात. रागावतील म्हणून लपवू नका. पुडीच डब्यात घालून घेऊन जा.

इथल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबई-पुण्यासाठी लिहिलेल्या लेखांत सापडत नाही. छत्तीसगड आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. याच प्रश्नासाठी १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णाच्या वाकड्या पेशी एकावर एक नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. पण ईएसआर ही यातली छोटी बाब. हार्ट-लंग मशीनवर शरीर थंड करतात. थंडी, कमी प्राणवायू आणि रक्तातली वाढलेली आम्लता या तिन्हींनी अशा पेशी अडकून बसू शकतात. टीमला आधी माहीत असेल तर तापमान, रक्त देणं, सगळी आखणी बदलते. घरात कुणाला सिकलसेल असेल, भावाबहिणींत कुणी ‘वाहक’ निघालं असेल, किंवा हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नसेल, तर ही तपासणी मागून घ्या. ती स्वस्त आहे.

तरुण रुग्णांचं गणित थोडं निराळं. लहानपणी घसा आणि सांधेदुखीच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेली मुलं-मुली अजूनही दिसतात. त्यांच्यात वाढलेला ईएसआर-सीआरपी म्हणजे संधिवाताचा ताप आतून धुमसतो आहे का, हा प्रश्न असतो. तो धुमसत असेल तर शक्य असेल तिथे डॉक्टर आधी तो शांत करतात. पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकलं असेल तर खरं सांगा.

रक्तक्षय असलेल्या बायकांसाठी एक छोटी सूचना. दाह असला की फेरिटिन वर जातं, त्यामुळे लोह कमी असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सोबत तपासलं का, एवढं विचारा. अल्ब्युमिन कमी असेल तर महिनाभर डाळी, अंडी, दूध, जमत असेल तर मासे वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचारून.

आता पहिला प्रश्न. पुढे ढकलायचं का? कारण सापडलं आणि ते दोन-तीन आठवड्यांत बरं होण्यासारखं असेल (लघवीचा संसर्ग, गळू, दाढ, छातीतला कफ) आणि रुग्ण स्थिर असेल, तर बहुतेक सर्जन स्वतःच थांबायला सांगतील. काहीच सापडलं नाही, ताप नाही, सीआरपी वीस-पंचवीसच्या आसपास रेंगाळतो आहे, तर बरेचदा आठवड्याने तपासणी पुन्हा करून पुढे जातात. पण मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा आहे, बसल्याजागी छाती दुखते आहे, किंवा आत्ताच झटका येऊन गेला आहे, तिथे सीआरपीसाठी थांबणं हाच मोठा धोका असू शकतो. शिवाय झटक्याने हृदयाचा स्नायू मेला की त्यामुळेच सीआरपी चढतो, तो संसर्ग नसतो. हा निर्णय सर्जनचा. तुम्ही तीन गोष्टी विचारा: हा आकडा कशामुळे वाटतो, थांबल्याने काय मिळेल, आणि थांबण्यात धोका किती? पितृपक्ष किंवा अधिक महिना आला म्हणून तारीख हलवायची असेल, तर तेही मोकळेपणाने विचारा. स्थिर रुग्णात बरेचदा जमतं. न सांगता न जाणं मात्र घातक.

तारीख पक्की झाली की दोन कामं घरची. छातीवरचे, पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापलेल्या जागी जंतू शिरतात, म्हणून रुग्णालयात ते मशीनने काढतात. आणि सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावून वर एक साधा कागद ठेवा, त्यावर तारीख, लॅब, सीआरपी एककासह, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि शेवटच्या तीन महिन्यांतले ताप व अँटिबायोटिक. मेडिकल बुक, मेडिक्लेम किंवा आयुष्मान कार्डाचे कागद वेगळ्या फायलीत ठेवा, म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावर भलताच गठ्ठा उघडत नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी शंभर-दोनशेच्या घरात गेला तर घाबरू नका. तो सगळ्यांचाच जातो, अगदी आधी १ असलेल्याचाही. तो उतरायला लागल्यावर पुन्हा वर जाणं, ही लक्ष देण्याची गोष्ट. एएफ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो आणि बायपासनंतर साधारण चारपाच जणांत एकाला तरी येतोच. तो आयसीयूत पकडला जातो आणि त्यावर उपचार आहेत.

जखमेचा संसर्ग मात्र बरेचदा डिस्चार्जनंतर, घरी पोचल्यावर डोकं वर काढतो, म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर अडीचशे किलोमीटरांवर असताना. रोज सकाळी छातीची आणि पायाची जखम उजेडात बघा. लाली पसरते आहे, पाणी किंवा पू येतो आहे, ताप आहे, कूस बदलताना किंवा खोकताना छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज होतो आहे किंवा हाड हलल्यासारखं वाटतं आहे, यातलं एक जरी असलं तरी जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग बदलून आठ दिवस काढू नका. फोटो काढा, त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाला पाठवा आणि बोलावलं तर निघा. त्यासाठी डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या की रात्री दहानंतर आणि रविवारी कुठल्या नंबरवर कोण फोन उचलेल, आणि तो नंबर घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये घालून ठेवा.